ब्लाऊज शेवटी, आधी परकर

प्रश्न : माझं वय ४१. मिरजेत राहते, बँकेत नोकरी करते. आईच्या माघारी तिचं काळं पायमशीन माझ्याकडे आलं, ते अजून टेबलासारखंच वापरात आहे. गेल्या लग्नसराईत शिवायला टाकलेले दोन ब्लाऊज बिघडून आले आणि मी ठरवलं, आता आपले कपडे आपणच शिवायचे. व्हिडिओ बघून इरकलीवर घालायला खणाचा कटोरी ब्लाऊज बेतला. एक मुंढा (बाही जोडायचा गोल) वर, एक खाली झाला, गळा पुढे ओघळतो आणि शिवताना खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं. कापड वाया गेलं. घरातले म्हणतात, रेडिमेड स्वस्त मिळतं, हा खटाटोप कशाला? मला मात्र अजूनही शिकायचं आहे. या वयात जमेल का? हे मशीन ठेवू की नवीन घेऊ? क्लास लावू का? आणि सुरुवात नक्की कुठून करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर :

ताई, नमस्कार.

सुरुवात कुठून करू, हा तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर ठरतात. परकरापासून करा. पॉपलीनचा, सहा कळ्यांचा, नाडी ओवायचा साधा परकर. तुम्हाला ब्लाऊज हवा आहे हे मला कळतं. आपल्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी ब्लाऊजसाठीच येतात, कारण शिंप्याशी आपलं वाजतं ते ब्लाऊजवरूनच. पण आपल्या रोजच्या कपड्यांत ब्लाऊजइतकं अवघड दुसरं काही नाही आणि नेमकं तेच आपण पहिल्यांदा हातात घेतो. मग कापड वाया जातं, आपल्याला हे जमत नाही असं वाटतं, आणि मशीनवर पुन्हा टेबलक्लॉथ पडतो. तुमच्या हातात शिवण नाही असं म्हणायला तुमच्या पत्रात मला एकही कारण सापडलं नाही.

हिशेबच करून बघा. कटोरी ब्लाऊजमध्ये छातीच्या घेरात कटोऱ्यांचे दोन आणि बाजूंचे दोन, असे चार जोड येतात. प्रत्येक जोडाला टीप जरा आत सरकली आणि दोन्ही कापडांचं मिळून पाव इंच जास्त दाबलं गेलं, तर चार जोडांत अख्खा इंच गेला. ३६ चा ब्लाऊज ३५ चा झाला. पाव इंच दोन कापडांत वाटलं तर एकेका कापडात जेमतेम ३ मिलिमीटर येतात. नव्या हाताकडून तेवढं इकडंतिकडं होणारच. परकरात हाच इंच नाडीत जिरून जातो, कुणाला दिसतही नाही. त्यामुळे फिटिंगची धास्ती राहत नाही आणि सगळं लक्ष टीप सरळ येते की नाही यावर देता येतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिकायचं असतं ते एवढंच.

तुमच्या ब्लाऊजचं काय झालं असावं तेही सांगते, म्हणजे मनातली रुखरुख जाईल. मुंढे वरखाली होतात तेव्हा बहुधा कापड बेतताना तिरकं दुमडलेलं असतं, किंवा दोन बाजू वेगवेगळ्या कापलेल्या असतात. गळा ओघळला, कारण गोल गळ्याच्या कडेला काही ठिकाणी कापड तिरकं कापलं जातं आणि तिरकं कापड ताणलं जातं. हाताळताना, मशीनखालून सरकवताना, ते सैल होत जातं. गळा कापल्याबरोबर, दुसरं काही जोडायच्या आधी, कडेलगत एकाच थरावर साधी टीप मारून ठेवली की ते ताणणं थांबतं. त्यात तुम्ही खण घेतलात. खणाचा पन्हा अरुंद, कडेचे धागे सुटणारे, आणि काठ दोन्ही बाजूंना सारखा यावा म्हणून बेतताना वेगळं डोकं चालवावं लागतं. खणावर शिकू नये, शिकून झाल्यावर खणाला हात लावावा.

आता मशीन. ठेवा, अजिबात विकू नका. काळं पायमशीन फक्त सरळ टीप मारतं आणि पहिलं वर्षभर तुम्हाला सरळ टिपेखेरीज काही लागणार नाही. पिको, इंटरलॉक, काजे ही कामं बाहेरून थोडक्या पैशांत करून मिळतात. पायमशीनचा मोठा गुण म्हणजे ते तुमच्या पायाच्या लयीत चालतं. मोटरचं मशीन नव्या माणसाच्या हातातून कापड पळवतं. पुढे वेग हवासा वाटला तर याच मशीनला छोटी मोटर बसवून घेता येते. नवीन झिगझॅग मशीनचा विचार तुम्ही टी-शर्टसारखं ताणणारं कापड शिवायला घ्याल तेव्हा करू.

आधी मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकदा घरी बोलवा. तो साफसफाई करेल, चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर कापून पुन्हा जोडून देईल. तो काम करत असताना शेजारी बसा, तेल कुठंकुठं सोडतो ते बघून ठेवा. तेल शिवणमशीनचंच घ्या. घरात हाताशी असतं म्हणून अनेक जण खोबरेल तेल सोडतात. थंडीत ते गोठतं, धूळ धरून चिकट होतं आणि मशीन जड चालायला लागतं. तेल दिल्यावर दोरा न ओवता जुन्या फडक्यावर थोडं चालवा, म्हणजे पहिल्या कपड्यावर डाग पडणार नाहीत.

मग पायाचा सराव. चाकाच्या मधली चकती सैल केली की चाक फिरतं पण सुई हलत नाही. अशी सैल ठेवून नुसतं पायडल मारा. चाकाचा वरचा भाग तुमच्याकडे येत राहिला पाहिजे, उलटं फिरलं की दोरा तुटतो. सुरुवात नेहमी हाताने चाक स्वतःकडे फिरवून करायची, मग पायाने लय धरायची. हे जमलं की चकती घट्ट करा, सुईत दोरा न ओवता वहीचं रेघांचं पान दाबपट्टीखाली, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, घ्या आणि रेघेवरून भोकं पाडत चला. आधी सरळ रेघा, मग कोपरे, मग वाटी ठेवून काढलेले गोल. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून दाबपट्टी उचला, कागद फिरवा, पुन्हा खाली घ्या. हा सराव कंटाळवाणा आहे हे मला माहीत आहे, तरी तो चुकवू नका. कागदासाठी जुनीच सुई वापरा, कागदाने सुईची धार जाते.

दोऱ्याच्या जाळ्याचं उत्तर मशीन टाका कसा घालतं त्यात आहे. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सुई खाली जाऊन जरा वर येताना वरच्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, खालचं शटल तो फास पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एलायस हाउ यांनी १८४६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रातही टोकाशी नेढं आणि दोन दोरे हीच युक्ती होती, आणि तुमच्या आईचं मशीन आजही त्याच युक्तीवर चालतं. आता, वरचा दोरा सैल असेल तर तो जरुरीपेक्षा जास्त खाली ओढला जातो आणि तिथं गुंता होतो. म्हणजे जाळं खाली दिसलं तरी दोष बहुतेक वेळा वर असतो. बायका बॉबिन काढून घालून थकतात आणि वरचा दोरा बघतच नाहीत. वरचा दोरा ओवताना दाबपट्टी वर उचललेली हवी. ती खाली असली तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्या मध्ये नीट बसत नाही. दाबपट्टी उचला, दोरा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवा आणि शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात. बॉबिनचा ताण बघायचा असेल तर भरलेलं बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळू द्या, हलका झटका दिला की ते थोडंसं खाली सरकून थांबायला हवं. सरसर खाली आलं तर सैल आहे, हललंच नाही तर घट्ट.

सुई घेताना घरगुती मशीनची, एका बाजूने चपट्या बुडाची मागा. पॉपलीनला १४ नंबर, अस्तराच्या पातळ रुबियाला ११, जीन्सला किंवा गोधडीला १६. दोरा नेढ्यातून ओवायचा तो सुईला लांब खाच असते त्या बाजूने चपट्या बाजूकडे. ही दिशा उलटी झाली तर टाके सुटतात किंवा टाका पडतच नाही. सुई स्वस्त असते, टोक बोथट झाल्यासारखं वाटलं, कापडातून जाताना टकटक आवाज आला, की बदलून टाका. बाकी सामानात कापडाची वेगळी मोठी कातर, टेप, खडू, टाचण्या आणि उसवायला सीम रिपर एवढं पुरे. कापडाच्या कातरीने घरात कुणी कागद कापू नये, दुधाची पिशवी तर नाहीच, हे आजच सगळ्यांना सांगून टाका.

कापडाच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात, इचलकरंजी तुमच्यापासून जवळ आहे. १९०४ मध्ये तिथं पहिला यंत्रमाग बसला आणि आज पॉपलीन, केंब्रिक, मलमल असं सगळं सुती कापड तिथं विणलं जातं. शिकायला कटपीसच्या दुकानातलं साधं, एकरंगी पॉपलीन आणा. फुलाफुलांचं नको, का ते पुढे सांगते. सॅटिन, क्रेप, जॉर्जेट यांपासून सध्या लांब राहा, ती कापडं कातरीखालीच निसटतात.

घरी आणलं की रात्रभर पाण्यात भिजत घाला, सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आटायचं ते शिवण्याआधी आटू द्या. आणि पुढे ब्लाऊज शिवाल तेव्हा अस्तरही भिजवा. शिंप्याकडून आलेला ब्लाऊज पहिल्या धुण्यानंतर आतून चुरगळल्यासारखा होतो, शिवणीजवळ चुण्या पडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा न भिजवलेलं अस्तर असतं. वरचं कापड तेवढंच राहतं, अस्तर आटतं आणि वरच्याला ओढतं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे, कारण व्हिडिओत ती अर्ध्या मिनिटात उरकतात आणि क्लासमध्येही फार कुणी त्यावर थांबत नाही. कापडाचा उभा धागा आणि आडवा धागा ओळखायला शिका. कापडाची जी न सुटणारी विणलेली किनार असते तिला समांतर जाणारा तो उभा धागा. एक हातभर तुकडा घ्या. किनारीच्या दिशेने ओढा, तो जवळजवळ ताणत नाही. आडवा ओढा, किंचित ताणतो. आता दोन विरुद्ध कोपरे धरून तिरका ओढा, तो केवढा लांबतो बघा. ही ओढ हाताला कळायला लागली की कुठल्या कपड्याचं काय बिघडलं ते कपडा बघूनच समजतं. पायजम्याचा एक पाय नडगीभोवती फिरतो, कुर्ता एका बाजूला कलतो, परकराचा घेर मागे वर चढतो, या सगळ्यामागे उभा धागा सरळ न ठेवता कापलेलं कापड असतं. शिलाई कितीही सुबक घातली तरी ते सुधारत नाही.

दुकानात कापड कधी कधी तिरकं कापलेलं मिळतं. म्हणून बेतण्याआधी एका टोकाला किनारीवर कातरीने छोटा छेद द्या आणि आडवं फाडा. पॉपलीन सरळ धाग्यावर फाटतं. मग कापड लांबीत दुमडून दोन्ही किनारी जुळवा. फाडलेल्या कडाही एकमेकींवर सरळ बसल्या तर कापड चौकोनात आहे. बसत नसतील तर आखूड वाटणारे दोन विरुद्ध कोपरे धरून, दुसऱ्या कुणाची मदत घेऊन, कापड तिरकं ओढा आणि पुन्हा इस्त्री करा. एवढं झाल्याशिवाय खडू हातात घेऊ नका.

आता परकर. ३६ इंच पन्ह्याचं पॉपलीन सव्वादोन मीटर घ्या. मी ३८ इंचांपर्यंत सीट (नितंबांचा घेर) आणि ३८ इंच उंची धरून सांगते. भिजवून, सरळ करून झालं की ३८ इंच लांबीचे दोन तुकडे फाडा. प्रत्येक तुकडा उभा मधोमध फाडला की १८ इंच रुंदीच्या चार पट्ट्या होतात. तीन पट्ट्या कळ्यांना, चौथी नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या पट्टीला. कळीच्या पट्टीवर वरच्या कडेला डावीकडून ७ इंचांवर खूण करा, खालच्या कडेला डावीकडूनच ११ इंचांवर. दोन्ही खुणा तिरक्या रेघेने जोडा आणि त्या रेघेवर कापा. एका पट्टीतून दोन कळ्या निघाल्या, त्यातली दुसरी उलटी करून घ्यायची, म्हणजे तिचंही ७ इंचांचं टोक वर येतं. फुलांचं कापड नको म्हटलं ते यासाठी, निम्म्या कळ्यांवरची फुलं खाली डोकं वर पाय झाली असती. जोडासाठी प्रत्येक बाजूला अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरली की वर ३६ इंच आणि खाली ६० इंच घेर मिळतो, आणि सीटच्या जागी ४१ च्या आसपास. सीट जास्त असेल तर ४४ पन्ह्याचं कापड घ्या आणि २२ इंचांच्या पट्टीवर ८ आणि १४ धरा, मात्र तेव्हा नेफ्याच्या पट्टीला एक जोड द्यावा लागेल.

प्रत्येक कळीला एक बाजू सरळ आणि एक तिरकी आहे. जोडताना एकीची सरळ बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला लावायची. दोन तिरक्या बाजू एकत्र आल्या तर तो जोड लोंबतो. मशीनखाली घालताना तिरकी बाजू खाली, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांकडे ठेवा. दाते खालचं कापड थोडं जास्त पुढे ढकलतात, त्यामुळे तिरक्या बाजूची जादा ओढ आपोआप सामावली जाते. मध्ये मध्ये टाचण्या लावा आणि सुई जवळ आली की काढा, टाचणीवरून शिवू नका. कापड ओढूही नका, मागूनही नाही. तुमचे हात फक्त दिशा दाखवायला आहेत.

धागे सुटू नयेत म्हणून जोड दोनदा शिवा. आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप मारा, मग उलटवून, ती कड आत झाकली जाईल अशी पुन्हा पाव इंचावर. अर्धा इंच माया इथं खर्च होते. शेवटच्या जोडाला वरून ६ इंच चीर मोकळी सोडा आणि तिच्या कडा दुमडून शिवा, नाहीतर परकर सीटवरून चढणार नाही. चिरेच्या खालच्या टोकाला पुढे-मागे तीन-चार टाके घाला, सगळा ताण तिथंच येतो. चौथ्या पट्टीतून ३८ इंच लांब, ५ इंच रुंद तुकडा काढून तो नेफा म्हणून वर लावा, दोन्ही टोकं एकेक इंच आत दुमडून. खालची दुमड लगेच घालू नका. परकर एक रात्र दोरीवर टांगून ठेवा, तिरक्या बाजू जेवढ्या उतरायच्या तेवढ्या उतरू द्या. सकाळी खालची कड सारखी करा, मग दीड इंच दुमड.

इस्त्री शिवणाच्या शेजारी गरम हवी. प्रत्येक टीप मारली की आधी आहे तशी दाबा, मग ती एका बाजूला पाडून दाबा. घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. एक जोड दुसऱ्या जोडाला मिळण्याआधी त्याच्यावर इस्त्री फिरलेली असली पाहिजे. घरी शिवलेला कपडा घरी शिवल्यासारखा दिसतो तो बहुतेक वेळा फक्त इस्त्रीअभावी.

आणि उसवायचा आळस करू नका. एका बाजूने दर चार-पाच टाक्यांनंतर एक टाका तोडत जा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, अख्खा सरळ निघून येतो, कापडाला धक्का लागत नाही. मी ज्यांना शिकताना बघितलं आहे त्यांच्यात पुढे सफाईदार शिवणाऱ्या बायका त्याच निघाल्या, ज्या वाकडी टीप दिसली की कुरकुर न करता उसवायला बसत. रात्री दमल्यावर बेतू मात्र नका. शिवण उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही. कामाच्या दिवशी अर्धा तास मशीनवर, आणि बेतण्याचं काम रविवारी सकाळच्या उजेडात, असं वाटून घ्या.

पहिला परकर झाला की लगेच दुसरा, त्याच मापाचा. पहिल्यात जे अडखळत झालं ते दुसऱ्यात हाताला वळण देतं. हे चालू असताना टीव्हीसमोर बसून एखाद्या साडीला फॉल हाताने लावा. फॉल आधी भिजवून इस्त्री केलेला, टाके इतके बारीक की साडीच्या सुलट बाजूला दिसू नयेत. बोटांत जी सफाई येते ती पुढे ब्लाऊजला हुक लावताना, तुरपाई घालताना कामी येते. त्यानंतर घरात घालायचा पायजमा, आणि मग जुन्या पद्धतीचा कुर्ता: अंगाला सरळ पट्टी, बाजूंना कळ्या, बाह्या आयताकृती, बगलेत चौकोनी तुकडा. त्यात मुंढ्याचा गोल कापावाच लागत नाही, कापड वाया जात नाही आणि हात मोकळा वर होतो. त्याला बाजूंना खिसे ठेवा. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात ही तक्रार स्वतः शिवताना पहिल्या कुर्त्यातच मिटते.

आता ब्लाऊज. तुमचा सगळ्यात नीट बसणारा, पण आता विटलेला एक ब्लाऊज निवडा. तो अर्धाच उसवा. डावी बाजू पूर्ण सुटी करून इस्त्री करा, उजवी तशीच राहू द्या. सुटे भाग कागदावर ठेवून आखा, जिथं टक्स (आकारासाठी शिवलेल्या चिमट्या) होते तिथं खुणा करा, मायेची रेघ वेगळी काढा. उजवी बाजू समोर असल्याने कुठला भाग कशाला जोडला आहे, पट्टी कुठून वळली आहे, हे अडलं की तिथं बघता येतं. एखादा पूर्ण उसवलेला ब्लाऊज म्हणजे नुसता तुकड्यांचा ढीग होतो. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल आहे हेही आखताना डोळ्यांनी दिसेल, आणि बाही कधी कधी उलटी का लागते ते कळेल. या कागदावरून पहिला ब्लाऊज मांजरपाटाचा शिवा, घालून बघा, दंड वर करा, खाली वाका, जिथं ओढतं तिथं खडूने खूण करा. मांजरपाट स्वस्त आहे आणि सुई-खडू दोन्ही सोसतं. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया ठेवा. आपल्या आया ठेवायच्या तशी. अंग बदलतं, ब्लाऊज बदलावा लागत नाही.

वयाचं विचारलंत. ४१ हे शिवण शिकायला उत्तम वय आहे, कारण घाई कमी असते आणि आपल्याला काय शोभतं ते कळलेलं असतं. फक्त डोळे तपासून घ्या. चाळिशीत जवळचा चष्मा लागतो आणि अनेक जणी त्याशिवायच सुई ओवत डोकं दुखवून घेतात. सुईच्या डाव्या बाजूला, अगदी जवळ, दिवा लावा. दोरा तिरका कापा आणि नेढ्याच्या मागे पांढरा कागद धरा, झटकन ओवला जातो. खुर्ची अशी हवी की खांदे वर उचलावे लागणार नाहीत, आणि अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करायचे.

घरच्यांना काय सांगायचं? खर्चाबद्दल ते खरं बोलत आहेत. कापड, दोरा, अस्तर आणि तुमचे तास धरले तर पहिल्या वर्षी रेडिमेडपेक्षा स्वस्त काही पडणार नाही. पैसे वाचवण्यासाठी शिवण शिकू नका, नाहीतर प्रत्येक कपड्यानंतर हिशेब मांडत बसाल आणि तो तुमच्या विरुद्धच येईल. वाचतं ते दुरुस्तीत: मुलांच्या पँटची उंची, सैल बाह्या, उसवलेली शिवण, पडद्यांच्या दुमडी. पण तुम्हाला हे शिकायचं आहे ते तुमच्या अंगाला बसणारा कपडा हवा म्हणून, आणि आईचं मशीन पुन्हा चालावं म्हणून. ही दोन्ही कारणं पुरेशी आहेत. त्यासाठी घरात कुणाची परवानगी लागत नाही, फक्त खिडकीजवळची जागा मागून घ्या, कारण मशीन रोज उघडून रोज मिटावं लागलं तर शिवण बंद पडतं.

क्लास लावा, पण दोन परकर झाल्यावर. तोपर्यंत टीप सरळ येत असेल आणि फीच्या पैशांत तुम्ही बेतणं शिकाल, पायडल मारणं नाही. जन शिक्षण संस्थानांचे शिवणाचे वर्ग असतात, तुमच्या जिल्ह्यात जवळ कुठे आहेत ते विचारा. आयटीआयचा शिवणाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि पूर्ण वेळ असतो, नोकरी सांभाळून तो झेपणार नाही. गल्लीतला घरगुती क्लास बघायला जाल तेव्हा चालू बॅच अर्धा तास बसून बघा. नुसत्या वहीत छोट्या कागदी कटिंग चिकटवून घेतात की खऱ्या मापाचं कापड कापायला लावतात, प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या मापाने शिवू देतात का, आणि चुकलेलं बाई स्वतः उसवून देतात की जिचं तिला उसवायला लावतात, हे बघा. शनिवार-रविवारची बॅच मिळते का विचारा. आणि पहिल्याच दिवशी बाईंना सांगा की कटोरी नंतर, मला आधी चार टक्सचा साधा ब्लाऊज शिकवा.